‘पारा आढळला नाही’ म्हणजे नेमकं काय?

(कुर्ला पश्चिम इथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्यातली लय शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

कामावरून परस्पर इथे आलेले बरेच जण दिसताहेत, त्यामुळे थेट विषयाकडे येते.

आपल्यापैकी अनेकांनी सोसायटीच्या बोअरवेलच्या पाण्याचा रिपोर्ट पाहिला असेल. दोन पानी कागद असतो. डाव्या बाजूला नावं: क्षार, क्लोराइड, लोह, शिसं, आर्सेनिक, पारा. उजव्या बाजूला आकडे. पाऱ्यासमोर मात्र बहुतेक वेळा आकडा नसतोच. तिथे लिहिलेलं असतं ‘बी.डी.एल.’ किंवा ‘०.००१ पेक्षा कमी’. मीटिंगमध्ये सेक्रेटरी वाचून दाखवतात, ‘पारा नाही’. सगळे मान डोलावतात आणि विषय संपतो.

बी.डी.एल. या तीन अक्षरांचा अर्थ ‘शोधमर्यादेच्या खाली’. म्हणजे प्रयोगशाळा सांगते, ‘माझ्या यंत्राला ज्याच्या खालचं दिसत नाही, तितक्यापर्यंत मी पाहिलं आणि मला काही दिसलं नाही.’ हे एक प्रामाणिक विधान आहे. आपण त्याचं भाषांतर ‘पारा नाही’ असं करतो, तिथे गडबड होते. जाड भोकांच्या चाळणीतून पीठ चाळलं आणि वर काही उरलं नाही, तर पिठात बारीक खडे नव्हते असं कोण म्हणेल? आधी चाळणीची भोकं केवढी ते विचारावं लागेल.

आज मी तुम्हाला मिठी नदीत पारा किती हे सांगायला आलेली नाही. मिठीचा, खाडीचा, विहिरीचा असा आकडा कोणी तुमच्यासमोर ठेवला, तर त्याला काय विचारायचं, ते सांगायला आले आहे.

टँकरभर पाण्यात केवढा पारा?

आधी मापं समजून घेऊ. ती डोळ्यांसमोर आली नाहीत तर पुढचं सगळं हवेत राहतं.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आय.एस. १०५००. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीत पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलीग्रॅम, म्हणजे १ मायक्रोग्रॅम आहे. काही घटकांसाठी ‘दुसरा स्रोत नसेल तर इतपत चालेल’ अशी सवलत या मानकात दिलेली असते. पाऱ्याला ती नाही.

१ मायक्रोग्रॅम म्हणजे केवढं? दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. त्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम पारा असेल, तर संपूर्ण टँकरमध्ये मिळून १० मिलीग्रॅम पारा झाला. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड. त्यामुळे या १० मिलीग्रॅमचा थेंब जेमतेम एक मिलिमीटर व्यासाचा होतो, मोहरीच्या बारीक दाण्याएवढा. टँकरभर पाण्यात एक मोहरी, ही आपली पिण्याच्या पाण्याची मर्यादा.

आता याच्या हजार पट खाली जा. १ मायक्रोग्रॅमचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे १ नॅनोग्रॅम. लिटरला १ नॅनोग्रॅम पारा असेल, तर त्याच टँकरमधला सगळा पारा मिळून एक दशांश मिलिमीटरचा कण होईल. मिठाच्या दाण्यापेक्षाही लहान. आजचा विषय या पातळीचा आहे. उघड्या महासागराच्या पाण्यात पारा असतो तो लिटरला १ नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे निसर्गाची स्वतःची पातळी इथे आहे आणि आपल्या रिपोर्टची नजर हजार पट वर अडकलेली आहे.

एकाच पाऱ्याला इतक्या वेगवेगळ्या मर्यादा का?

पाऱ्याच्या मर्यादा शोधायला गेलात तर गोंधळून जाल. पर्यावरण संरक्षण नियमांनुसार कारखान्याने सोडलेल्या सांडपाण्यात लिटरला ०.०१ मिलीग्रॅमपर्यंत पारा चालतो. म्हणजे १० मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे १ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य, असेंद्रिय पाऱ्यासाठी, ६ मायक्रोग्रॅम. आणि अमेरिकेने १९९५ साली आपल्या ‘ग्रेट लेक्स’ या मोठ्या सरोवरांसाठी वन्यजीवांच्या दृष्टीने जे प्रमाण ठरवलं, ते आहे १.३ नॅनोग्रॅम. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षाही साडेसातशे पटींहून कमी!

मग सरोवराचं पाणी पिण्याच्या पाण्यापेक्षा शुद्ध हवं, असं कसं? कारण प्रश्न वेगळा आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकाचा प्रश्न असा: माणूस रोज दोन-तीन लिटर हे पाणी प्यायला, तर त्याला अपाय होईल का? सरोवराच्या मानकाचा प्रश्न असा: या पाण्यात वाढलेले मासे खाणाऱ्या प्राण्यांना अपाय होईल का? पाण्यातला पारा माशात पोचेपर्यंत प्रचंड वाढतो.

ही वाढ कशी होते ते बघू. नदीच्या, खाडीच्या तळाशी काळा, कुजका वास येणारा गाळ असतो. तिथे प्राणवायू नसतो. त्या गाळातले काही जिवाणू साध्या पाऱ्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. हा मिथाइल पारा शरीरात सहज शोषला जातो आणि बाहेर पडायला फार वेळ घेतो. शेवाळ तो घेतं, शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव घेतात, त्यांना लहान मासे खातात, त्यांना मोठे. दर पायरीला साठा वाढत जातो. मोठ्या शिकारी माशाच्या मांसात हे प्रमाण आजूबाजूच्या पाण्याच्या दहा लाख पट किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतं.

हिशोब मांडू. पाण्यात मिथाइल पारा लिटरला फक्त अर्धा नॅनोग्रॅम आहे असं धरा. त्याला दहा लाखांनी गुणा. किलोला ०.५ मिलीग्रॅम झाले. खाण्याच्या साध्या माशांसाठी, म्हणजे मोठे शिकारी मासे सोडून इतरांसाठी, पाऱ्याची मर्यादा साधारण एवढीच धरली जाते. म्हणजे मासा मर्यादेला टेकला आणि त्याच पाण्यातला मिथाइल पारा आपल्या नेहमीच्या रिपोर्टच्या नजरेपेक्षा दोन हजार पट खाली आहे. रिपोर्ट म्हणणार, आढळला नाही.

जपानमधल्या मिनामाताचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे चिस्सो कंपनीच्या कारखान्यात असिटाल्डिहाइड तयार करताना पाऱ्याचं संयुग वापरत. त्यातून मिथाइल पारा समुद्रात जायचा. १ मे १९५६ या दिवशी त्या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली, आणि कारखान्याच्या सांडपाण्यामुळे हा आजार होतो हे सरकारने मान्य करायला १९६८ साल उजाडलं. तिथल्या लोकांनी समुद्राचं पाणी प्यायलं नव्हतं. त्यांनी मासे खाल्ले होते.

कोडईकनालचा तलाव

आपल्या देशातलं उदाहरण घेते, कारण त्यात आजचा सगळा मुद्दा एका आकड्यात आहे.

तामिळनाडूत कोडईकनालला हिंदुस्थान लिव्हरचा थर्मामीटरचा कारखाना होता. १९८०च्या दशकात यंत्रसामग्री अमेरिकेतून इथे आली. २००१ साली गावातल्या भंगाराच्या वखारीत पारा लागलेली फुटकी काच सापडली. थोडीथोडकी नव्हे, सात टनांहून जास्त. भंगाराची वखार म्हटल्यावर कुर्लेकरांचे कान टवकारणारच! लोकांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी कारखाना बंद झाला. कामगारांचा लढा पुढे बरीच वर्षं चालला. २०१६ साली ५९१ माजी कामगार आणि कंपनी यांच्यात तडजोड झाली.

भाभा अणुसंशोधन केंद्र आपल्याला ट्रॉम्बेमुळे जवळचं आहे. त्याच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कोडई तलावाचं पाणी, गाळ आणि मासे तपासले. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. तलावाच्या पाण्यात एकूण पारा आढळला लिटरला ३५६ ते ४६५ नॅनोग्रॅम. तुलनेसाठी घेतलेल्या दूरच्या तलावांत तो बराच कमी होता.

आता ४६५ नॅनोग्रॅमचे मायक्रोग्रॅम करा. ०.४६५. पिण्याच्या पाण्याची मर्यादा १. म्हणजे पाऱ्याच्या कारखान्याजवळच्या या तलावाचं पाणी आपल्याकडच्या साध्या तपासणीला दिलं असतं, तर कागदावर आलं असतं ‘०.००१ पेक्षा कमी’. तेच पाणी नॅनोग्रॅम मोजू शकणाऱ्या यंत्राला दिलं, तर ते ओरडून सांगतं की निसर्गाच्या पातळीच्या शेकडो पट पारा आहे. दोन्ही रिपोर्ट खरे. पण एकाने गावाला झोपवलं असतं आणि दुसऱ्याने जागं केलं.

आपल्या खाड्या, आपलं भंगार

मुंबईच्या आसपास पारा कुठून आला असेल? एक जुना स्रोत म्हणजे कॉस्टिक सोडा. रेयॉन, साबण, कागद या सगळ्यांना कॉस्टिक लागतं. पूर्वी ते करताना मिठाच्या पाण्यातून वीज सोडायचे आणि खाली पाऱ्याचा थर वाहता ठेवायचे. मिठातलं सोडियम पाऱ्यात मिसळायचं, मग पाण्याशी त्याचं कॉस्टिक व्हायचं आणि पारा पुन्हा वापरायला मिळायचा. कागदावर पारा फिरून फिरून तोच. प्रत्यक्षात थोडा थोडा सांडपाण्यातून जायचा. पुढे देशातल्या कारखान्यांनी पारा न लागणारी मेंब्रेन पद्धत घेतली.

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या एम. डी. झिंगडे आणि बी. एन. देसाई यांनी ठाणे खाडीतल्या पाऱ्यावरचा निबंध १९८१ सालीच प्रसिद्ध केला होता. पुढे २००३ साली झिंगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उल्हास नदीच्या मुखाशी साठलेल्या गाळातल्या पाऱ्यावर लिहिलं. त्यांनी गाळाकडे का पाहिलं? कारण पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलतं. आज घेतलेल्या नमुन्यात आजचंच पाणी असतं. पारा मातीच्या कणांना चिकटून तळाशी बसतो आणि थरावर थर साठतात. कारखाना बंद झाला, पाणी स्वच्छ दिसू लागलं, तरी गाळाला सगळं आठवत असतं.

दुसरा स्रोत आपल्या दाराशी आहे. कुर्ला, साकीनाका भागात भंगाराचा आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक मालाचा धंदा किती मोठा आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या मालात पारा कुठे कुठे असतो? ट्यूबलाइट, सी.एफ.एल., जुन्या एल.सी.डी. पडद्यामागचे बारीक दिवे, काही बटन सेल, जुने थर्मामीटर, रक्तदाब मोजायची जुनी पाऱ्याची यंत्रं. एका सी.एफ.एल.मध्ये साधारण ३ ते ५ मिलीग्रॅम पारा असतो. ५ मिलीग्रॅम सगळाच्या सगळा पाण्यात गेला असं समजलं, तर पाच हजार लिटर पाणी पिण्याच्या मर्यादेपर्यंत पोचेल. प्रत्यक्षात फुटल्यावर बराचसा हवेत जातो आणि बाकी आतल्या पांढऱ्या पावडरीला चिकटून राहतो. ती पावडर मग पहिल्या पावसात गटारात, गटारातून मिठीत.

मिठी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होते. विहार म्हणजे १८६० सालचा, मुंबईला नळाचं पाणी देणारा पहिला तलाव. तिथून साकीनाका, कुर्ला, कलिना, बीकेसी, धारावी करत ती माहीमला समुद्राला मिळते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ती कुर्ल्यात घराघरांत शिरली होती. सांडपाणी, प्राणवायू नसलेला गाळ, खालच्या टप्प्यात खारं पाणी, मग तिवरं, आणि मुखाशी माहीमचा कोळीवाडा. पारा कमी प्रमाणातही काळजीपूर्वक मोजावा अशी ही जागा आहे.

तपासणी बाटलीपासून सुरू होते

आता मोजायचं कसं. लोकांना वाटतं तपासणी म्हणजे यंत्र. अर्धी तपासणी नदीकाठी होते आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

पहिली गोष्ट बाटली. विकत घेतलेल्या पाण्याची रिकामी बाटली धुऊन भरली आणि लॅबला दिली, असं चालत नाही. साध्या प्लास्टिकमधून पाऱ्याची वाफ आरपार येते-जाते. खोलीच्या हवेत पारा असेल तर तो आत येतो. उलट, नमुन्यातला पारा बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतो आणि पाण्यात मोजायला उरतच नाही. म्हणून काचेची किंवा टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकची, आम्लात धुतलेली, आधी तपासून घेतलेली बाटली लागते. ती दोन पिशव्यांत बंद करून न्यायची.

दुसरी गोष्ट हात. नॅनोग्रॅमच्या कामात दोन माणसं लागतात. एकाचे हात ‘स्वच्छ’, दुसऱ्याचे ‘मळके’. मळक्या हातांच्या माणसाने बाहेरची पिशवी उघडायची, दोरी धरायची, होडी सांभाळायची. स्वच्छ हातांच्या माणसाने फक्त आतली पिशवी आणि बाटली यांनाच हात लावायचा. दोघांनी हातमोजे घालायचे. प्रवाहाच्या वरच्या बाजूला तोंड करून पाणी भरायचं, म्हणजे आपल्या अंगावरचं काही बाटलीत जात नाही. दाढेत चांदीसारखं दिसणारं जुनं भरण असेल, तर त्या माणसाने बाटलीवर श्वास सोडू नये, अशीही सूचना असते, कारण त्या भरणात पारा असतो! ऐकायला गंमत वाटते. पण मिठाच्या दाण्याहून लहान कण टँकरभर पाण्यात शोधायचा असेल, तर श्वासही मोजावा लागतो.

तिसरी गोष्ट वेळ. नमुना ४८ तासांच्या आत तपासायचा किंवा आम्ल अथवा ब्रोमीन मोनोक्लोराइड घालून टिकवायचा. नाहीतर पारा भिंतीला चिकटतो, उडून जातो आणि रिपोर्ट आपोआप ‘चांगला’ येतो.

सोन्याचा सापळा

प्रयोगशाळेत काय होतं? पाऱ्याचा एक गुण फार उपयोगी पडतो. तो साध्या खोलीच्या तापमानालाही वाफ देतो. इतर धातू मोजायला ज्वाला किंवा भट्टी लागते. पाऱ्याला लागत नाही. म्हणून या पद्धतीला शीतबाष्प पद्धत म्हणतात. हॅच आणि ऑट या दोघांनी १९६८ साली मांडलेल्या पद्धतीनंतर ती जगभर रुळली.

नमुन्यात पारा अनेक रूपांत असतो. मातीला चिकटलेला, विरघळलेला, मिथाइल. आधी ब्रोमीन मोनोक्लोराइडसारखं तीव्र रसायन घालून सगळ्यांना एका रूपात आणायचं. मग कथिलाचं क्लोराइड घालायचं. त्याने तो साधा, धातुरूप पारा होतो. आता पाण्यातून आरगॉनचे बुडबुडे सोडले की पारा वाफ होऊन वायूबरोबर निघतो.

पण मूठभर पाण्यातला पारा इतका थोडा असतो की एकदम दिसत नाही. मग तो गोळा करतात. कशावर? सोन्यावर. नळीत सोन्याचा थर दिलेली वाळू भरलेली असते. पारा सोन्याला भेटला की सोडत नाही, हे आपल्या सोनारांना कधीपासून माहीत आहे. पूर्वी मूर्तीला मुलामा द्यायचा तर पाऱ्यात सोनं कालवून लावत आणि तापवत. पारा उडून जाई, सोनं राही. यंत्रात तेच घडतं. सापळा तापवला की साठलेला सगळा पारा एका दमात बाहेर येतो आणि प्रकाशासमोर जातो.

प्रकाश कोणता? पाऱ्याच्याच दिव्याचा, २५३.७ नॅनोमीटरचा. ट्यूबलाइटच्या आत पारा हाच प्रकाश देतो, फक्त काचेवरची पावडर त्याचं पांढऱ्या उजेडात रूपांतर करते. यंत्रात या प्रकाशाचं दोन प्रकारे मोजमाप होतं. एक, पाऱ्याच्या वाफेने किती प्रकाश अडवला. दोन, तो प्रकाश शोषून पारा स्वतः किती चमकला. पहिला प्रकार म्हणजे भर दुपारी एखादा दिवा किंचित मंद झाला का ते ओळखणं. दुसरा म्हणजे अमावस्येला काजवा बघणं. काजवा लांबून दिसतो.

म्हणून पहिल्या प्रकारच्या नेहमीच्या पद्धतीची नजर साधारण ०.२ मायक्रोग्रॅमपर्यंत जाते, आणि सोन्याच्या सापळ्यासह दुसऱ्या पद्धतीची, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या ‘१६३१’ या पद्धतीची, लिटरला ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत. आकडा तोच, एकक हजार पट लहान.

खोटा जास्त, खोटा कमी

इतकी तीक्ष्ण नजर असली की घाणही लगेच दिसते. जुन्या काळी समुद्रातल्या पाऱ्याचे जे आकडे छापले जायचे, त्यातले बरेच फुगलेले होते. १९८०च्या दशकात विल्यम फिट्झगेराल्ड आणि गॅरी गिल यांच्यासारख्या संशोधकांनी स्वच्छ पद्धतीने नमुने घेतले, तेव्हा समुद्राचे आकडे एकदम खाली आले. समुद्र बदलला नव्हता. बाटल्या बदलल्या होत्या.

म्हणून ‘कोरा नमुना’ लागतो. अतिशुद्ध पाण्याची एक बाटली घेऊन नदीवर जायचं, तिथे उघडायची, तशीच हाताळायची, बंद करायची आणि बाकीच्यांबरोबर तपासायची. तिच्यात पारा निघाला तर तो नदीचा नाही, आपला आहे. उलट बाजूची परीक्षाही असते. नमुन्यात मुद्दाम ठरावीक पारा घालायचा आणि तो पूर्ण परत मिळतो का पाहायचं. शंभर घातला आणि चाळीसच मिळाला, तर यंत्र कुठेतरी पारा हरवतंय. आणि त्या लॅबच्या ‘आढळला नाही’ला अर्थ राहत नाही.

मिठीसारख्या पाण्यात आणखी एक अडचण. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडपासून तपासणीच्या रसायनांमुळे मोकळा क्लोरीन तयार होऊ शकतो. तो आणि काही सेंद्रिय द्रावकांची वाफ हाच २५३ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अडवतात. प्रकाश अडवण्यावर चालणाऱ्या यंत्राला मग पारा नसतानाही पारा दिसतो. त्यामुळे नदीचा मोठा आकडा बातमीत आला तरी लगेच घाबरू नका, आणि लहान आकडा आला तरी लगेच निश्चिंत होऊ नका.

रिपोर्ट हातात आला की

आता घरी न्यायचे पाच प्रश्न सांगते. लिहून घ्या.

एक, शोधमर्यादा किती आणि कोणत्या एककात? मिलीग्रॅम, मायक्रोग्रॅम की नॅनोग्रॅम?
दोन, पद्धत कोणती? पिण्याच्या पाण्यासाठी आय.एस. ३०२५ भाग ४८ पुरेशी असते. नदी, खाडी, तलाव यांच्यासाठी नॅनोग्रॅम पातळीची पद्धत मागा.
तीन, नमुना कोणी, कोणत्या बाटलीत घेतला आणि किती तासांत टिकवला?
चार, कोऱ्या नमुन्यात काय निघालं, आणि घातलेला पारा किती टक्के परत मिळाला?
पाच, प्रयोगशाळेला एन.ए.बी.एल. मान्यता आहे ना, आणि तिच्या मान्यतेच्या यादीत पारा, तोही या पातळीपर्यंत, आहे का? मान्यता सरसकट नसते. ती घटकागणिक आणि पद्धतीगणिक असते.

या पाचांची उत्तरं नसतील, तर तो आकडा वाचू नका.

प्रश्नोत्तरं

*ताई, आम्ही महापालिकेचं पाणी पितो. मिठीचा पारा त्यात येईल का?*

महापालिकेचं पाणी येतं भातसा, वैतरणा, तानसा अशा लांबच्या तलावांतून, शुद्ध होऊन. मिठीचं पाणी आपण पीत नाही. नळाच्या पाण्यात आपल्या वस्त्यांना जास्त धोका असतो तो फुटक्या पाइपात गटाराचं पाणी शिरण्याचा, म्हणजे जंतूंचा. पाऱ्याच्या भीतीने ती काळजी विसरू नका. बोअरवेलचं पाणी पिण्यासाठी वापरत असाल, तर मात्र तपासून घ्या.

*पाणी उकळून किंवा आर.ओ. लावून पारा जातो का?*

उकळण्यावर भिस्त ठेवू नका. उकळल्याने जंतू मरतात, धातूंसाठी तो उपाय नाही. आर.ओ. आणि सक्रिय कोळसा पारा बराच कमी करतात. पण आज आपण पाहिलं, खरा मार्ग पेल्यातून कमी आणि ताटातून जास्त आहे. त्यावर आर.ओ. चालत नाही.

*मग मासे खायचे की नाही?*

खायचे. मासळी पौष्टिक आहे आणि ती सोडा असं मी म्हणणार नाही. मोठे, दीर्घायुषी, दुसऱ्या माशांवर जगणारे मासे, उदाहरणार्थ मोरी, यांत पारा जास्त साठतो. मांदेली, तारली यांसारख्या लहान माशांत कमी. गरोदर बायका आणि लहान मुलं यांनी मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण वाढत्या मेंदूला मिथाइल पारा सर्वांत जास्त इजा करतो. आणि अगदी गटाराच्या तोंडाशी धरलेला मासा कोणीच खाऊ नये, पारा असो वा नसो.

*बाजारात पट्टी बुडवून रंग बघायची किट मिळतात. ती चालतील?*

मोठी गळती ओळखायला एखादवेळेस. नॅनोग्रॅमसाठी नाही. पट्टीचा रंग बदलला नाही, तर ते पुन्हा ‘आढळला नाही’च झालं, आणि तेही सगळ्यात मोठ्या भोकांच्या चाळणीने.

*मॅडम, माझा भंगाराचा गाळा आहे. ट्यूबा येतात, पोरं फोडतात. त्यांना काही होईल का? आणि त्यांचं पाणी तपासायचं का?*

आजचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. तुमच्या मुलांना पाण्यातून नाही, श्वासातून धोका आहे. बंद गाळ्यात फोडलेल्या ट्यूबांची वाफ छातीत जाते. त्यासाठी पाणी तपासून उपयोग नाही. अशा माणसाची लघवी तपासतात. मासे खाणाऱ्याचे केस किंवा रक्त तपासतात, कारण तो पारा वेगळ्या रूपातला असतो. मुलाचे हात थरथरत असतील, झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर डॉक्टरांना ‘हा ट्यूबा फोडतो’ हे आवर्जून सांगा. नाहीतर त्यांच्या डोक्यात पारा येणारच नाही.

ट्यूबा फोडू नका, अख्ख्याच खोक्यात उभ्या ठेवा. २०१६ पासून पाऱ्याचे दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत आलेले आहेत. ते अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवेत आणि त्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवरही आहे. मिनामाता करार २०१७ साली अमलात आला, भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. या गोष्टी फक्त दिल्लीच्या फायलीत राहू नयेत. तुमच्या संघटनेने वॉर्ड ऑफिसला लेखी विचारा की कुर्ल्यात या ट्यूबा गोळा करायची जागा कुठे आहे. उत्तर लेखीच मागा.

आणि एखादी फुटलीच तर? खिडक्या उघडा, मुलांना आणि पंख्याला दूर ठेवा. झाडू मारू नका, व्हॅक्यूम लावू नका. जाड कागदाने तुकडे उचला, उरलेली पावडर चिकटपट्टीने टिपा, झाकणाच्या बरणीत भरा. मोरीत धुऊन टाकू नका. मोरीचं पाणी कुठे जातं, ते आपल्याला माहीत आहे.

वेळ झाली.